सोवळ्याची लाठी

आमच्या घरचा गणपती दीड दिवसाचा असता तर ही भानगड झालीच नसती. पण तो गौरींबरोबर जाणारा, म्हणजे कधी पाच दिवस, कधी सहा, आणि तिथींनी मनावर घेतलं तर सात. त्या वर्षी तिथींनी मनावर घेतलं होतं. नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुरू झाल्या आणि आमचा मुंबईचा सगळा गोतावळा मांडवीच्या बंदरावर उतरला, ट्रंका, वळकट्या आणि रडकी पोरं घेऊन. घरातली धरून बत्तीस माणसं. मी नीट मोजली होती, कारण पानं मला मांडायची होती.

मी तेव्हा वीस वर्षांची. रत्नागिरीच्या घरात राहणारी सून मी एकटी, मोठ्या जाऊबाई गिरगावात. आणि मी लाठी शिकत होते.

यात माझं कर्तृत्व काही नाही. आमचे हे कचेरीत कारकून. एका संध्याकाळी कुठलंसं व्याख्यान ऐकून आले आणि स्त्रियांनी बलवान झालं पाहिजे असं जेवताना म्हणाले. समोरच्या ताटात मी दुसरा भात वाढत होते. सकाळपासून विहिरीचं चाळीस घागरी पाणी ओढलं होतं, तेव्हा आणखी बलवान म्हणजे किती, ते मला कळेना. पण मुलींच्या शाळेच्या आवारात चार वाजता बायकांचा लाठीचा वर्ग निघाला होता, तिथे यांनी माझं नाव घालून टाकलं. नंतर ते व्याख्यान विसरून गेले. मी नाही विसरले.

शिकवायला पोलिसातून निवृत्त झालेले एक हवालदार होते, राजिवड्याचे मुसलमान गृहस्थ. पांढरी दाढी, ताठ कणा, आवाज असा की पलीकडच्या आळीतली कुत्री उठून बसायची. आम्हा सगळ्यांना ते ‘बाय’ म्हणत. तिथे भंडाऱ्यांच्या मुली होत्या, सोनारांच्या होत्या, एक डॉक्टरीणबाई होती, आणि आळीआळीतून चोरून आलेल्या आमच्यासारख्या सुना. हवालदारांना त्यातलं काही दिसत नसे. त्यांना फक्त हात दिसत. हात म्हणजे लाठीचा एक फेर. कुणाचा मनगटातून फिरतो, कुणाचा खांद्यातून ओढला जातो, एवढंच ते बघत. प्रत्येकीची लाठी त्यांनी स्वतः निवडून दिलेली, आपल्या हाताने तेल पाजलेली, आणि टोकाला विस्तवाने दोन ठिपके डागलेली.

तो एक तास माझा होता. आज म्हातारपणी स्पष्ट सांगायला काय हरकत आहे? उरलेल्या तेवीस तासांत मी कुणाची तरी सून होते, कुणाची बायको, कुणाची काकू, आणि तहानलेल्या प्रत्येकाची पाणी देणारी. चार ते पाच मी फक्त हात फिरवत होते. घरी येताना घामाने चोळी भिजलेली असायची आणि मला अस्सं हसू यायचं. कारण काही नाही. उगीच.

सासूबाईंना हे पसंत नव्हतं. पण मुलाने नाव घातलेलं, म्हणून त्यांनी तोंडाने मोडता घातला नाही, अट घातली. ‘घरात एक पान जरी तुझ्या त्या थेरांपायी अडलं, तर ती काठी बंबात जाईल,’ म्हणाल्या. आंघोळीच्या पाण्याचा आमचा तांब्याचा बंब मागच्या दारी सदा धगधगत असायचा. सासूबाई बोलल्या म्हणजे करत. एकदा माझ्या दिराचा पत्त्यांचा जोड त्यांनी त्यात घातला होता, राजाराणीसकट.

हवालदारांची अट वेगळी. दसऱ्याला मैदानावर खेळ होणार होते. पहिल्या ओळीत पाचजणी, त्यात माझं नाव धरलेलं. गणपतीत वर्गाला यायला कुणाला जमणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून म्हणाले, येऊ नका, पण घरी रोज दोनशे हात करा. मग आम्ही केले की नाही हे कळणार कसं, असं एका शहाणीने विचारलं. त्यांनी तिचा पंजा उलटा करून बघितला आणि सांगितलं की तळहात खोटं बोलत नाही. आठ दिवस लाठी सुटली की घट्टे मऊ पडतात. गणपती गेल्यावर मी हात बघणार, ज्यांचे मऊ त्या मागच्या ओळीत.

आता बघा हं माझी परिस्थिती. बत्तीस माणसं, सात दिवस, रोज दोनशे हात. आणि वर सासूबाईंचं बजावणं, की पाहुण्यांच्या डोळ्यांना ती काठी दिसता कामा नये. लाठी माझ्या कानाला लागेल एवढी उंच. ती काय, कनवटीला लावून हिंडू?

लपवायला मी अख्खं घर धुंडाळलं. माळ्यावर पाहुण्यांची पोरं. गोठ्यात गडी. लाकडांच्या खोपीत ठेवावी तर कुणीतरी बंबात सारायचा. आणि मग हरितालिकेच्या दिवशी सोवळं वाळत घालताना मला सुचलं.

हल्ली सोवळं म्हणजे काय हे पोरींना सांगावं लागतं, म्हणून सांगते. देवाच्या नैवेद्याचा स्वयंपाक जी करील तिचं वस्त्र धुतल्यापासून कुणी शिवायचं नाही. म्हणून ते छताजवळ उंच बांधलेल्या वलणीवर वाळायचं, आणि वर घालायला, खाली काढायला एक काठी असायची. ती काठीही सोवळ्यातलीच. तिला घरातलं दुसरं कुणी बोट लावत नसे. ती कोपऱ्यात आपल्या खुंटीला उभी, आणि बत्तीस माणसं तिच्यापासून अंग चोरून जाणार. याहून सुरक्षित जागा ब्रिटिश सरकारच्या तिजोरीत नव्हती.

जुनी काठी खालून चिरलेली होती, हे खरं आहे. मी लाठी विहिरीवर नेली, तीन वेळा धुतली, ठिपक्यांवर हळद फासली आणि खुंटीला उभी केली. जुनी लाकडांत सारली. सासूबाईंनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, जुनी चिरली होती, ही नवी. यात शब्दाने काही खोटं नव्हतं. त्यांनी धाबळी वर टाकून बघितली. धाबळी म्हणजे सोवळ्यातलं लोकरी वस्त्र, ओलं झालं की हे जड. लाठी उंच, गुळगुळीत, कुठे बोटात शिरणारी कूस नाही की काही नाही. ‘बरी आहे गो,’ म्हणाल्या. सासूबाईंच्या तोंडून माझ्या कुठल्याही गोष्टीला आलेला हा पहिला बरा शब्द.

आणि मग मला खरी गंमत कळली. सोवळ्यात असलेल्या बाईच्या चार हातांच्या आत कुणी येत नाही. लाठी फिरवायला नेमकी तेवढीच जागा लागते.

सकाळी आंघोळ करून सोवळं नेसायचं, हातात सोवळ्याची काठी घ्यायची आणि मागीलदारी केळींच्या आड जायचं. कुणी पोर वळलंच तर नुसतं ‘शिवशील, शिवशील’ म्हणायचं, की ते धूम पळालं. जाऊबाईंनी लांबून एकदा विचारलं, काय चाललंय. मी म्हटलं, माकडं हाकलतेय. माकडं त्या दिवशी गावात होती की नव्हती देव जाणे. कासोटा घट्ट, केस ओले, वरून पावसाची भुरभुर, आणि माझे एकशे ऐंशी, एकशे ऐंशीवर एक. आत कुणीतरी हाक मारीत असायचं, सोवळ्यातल्या सूनबाई कुठे गेल्या म्हणून. सोवळ्यातल्या सूनबाई शत्रूचं डोकं फोडत होत्या.

एक पान अडू दिलं नाही मी. चतुर्थीला एकवीस मोदकांचे होता होता दीडशे झाले, कारण मुंबईच्या माणसांना नारळ बघून वेड लागतं. तांदळाची उकड गरम गरम मळावी लागते, निवली की संपली. जाऊबाई बोटं भाजली म्हणून फुंकत बसल्या. मी सरळ परातीत हात घातला. घट्ट्यांना काही लागतंय होय! सासूबाई बघत राहिल्या. पाहुण्यांना म्हणाल्या, हिचे हात तयार आहेत हो, आईने वळण लावलंय. आमची आई उकडीला भाचीला बसवायची आणि स्वतः लांबून सूचना द्यायची, पण मी कशाला बोलतेय?

गौरी आणायच्या दिवशी तर मी कळस केला. आमच्या गौरी खड्यांच्या. विहिरीवरून सात खडे निवडून आणायचे, आणि आणणारीने तोंडात पाण्याची चूळ धरायची, म्हणजे वाटेत बोलायला नको. मान मला मिळाला. त्या सकाळी स्वयंपाकातून डोकं वर काढायला सवड मिळाली नव्हती, हात व्हायचे होते. मी खडे तबकात ठेवले, तबक विहिरीच्या काठावर ठेवलं आणि माकडं हाकलायला म्हणून आणलेली लाठी उचलली. शंभर हात झाले तोवर चूळ गिळून टाकली होती. दुसरी भरली, तीही गिळली. तिसरी चूळ घेऊन गौरी घरात आल्या. एवढा वेळ का लागला हे कुणी विचारलं नाही, कारण मला उत्तर देता येणार नव्हतं. ही पद्धत ज्या कुणी बाईने काढली तिला माझा साष्टांग नमस्कार.

दुसऱ्या दिवशी गौरींचं जेवण. आमच्याकडे त्या दिवशी घावन आणि घाटलं. आणि त्या दिवशी हवालदार आले.

ते दरवर्षी येत. मामंजींची त्यांची कचेरीतली जुनी ओळख. परसातलं मोठं तवसं, म्हणजे आमच्याकडची पावसाळी काकडी, घेऊन यायचे, पडवीत बसायचे, लांबून गणपती बघायचा, प्रसाद घ्यायचा आणि जायचं. मला हे ठाऊक होतं. पण मला हे ठाऊक नव्हतं, की पावसामुळे मागची पडवी मुंबईकरांच्या ओल्या धोतरांनी भरली, म्हणून सासूबाईंनी त्या सकाळी, मी चुलीपाशी असताना, सोवळ्याची वलणी पुढच्या पडवीच्या आतल्या टोकाला बांधून घेतली होती.

आत आरत्या चालल्या होत्या. आमच्या आरत्या म्हणजे टाळ, झांजा, आणि चारजण चार चालींत. मी सोवळं सोडून पाहुण्यांचं बघत होते, ती हवालदारांसाठी गुळपाणी घेऊन बाहेर आले. हवालदार खांबाला टेकून बसलेले. पलीकडे सासूबाई टाचा उंचावून माझ्या लाठीने धाबळी काढत होत्या, घावन घालायला बसण्यासाठी.

हवालदार बघत होते. मी त्यांच्याकडे बघून डोळे मोठे केले, मान हलवली, काय काय केलं. पण मघाशी सांगितलंच, त्यांना फक्त हात दिसत.

‘वैनीबाय,’ ते अगदी अदबीने म्हणाले, ‘डावा हात जरा खाली घ्या. सगळा भार खांद्यावर येतोय.’

सासूबाई वळल्या. धाबळी लाठीच्या टोकाला तशीच लोंबत होती.

‘लाठी ओळखली मी,’ ते खुशीत म्हणाले. ‘ठिपके माझेच आहेत. दोन महिने माझ्या हाताने तेल पाजलंय तिला. बाय, ही तुझीच ना?’

मी गुळपाणी धरून उभी. आत झांजा. आम्हा तिघांशिवाय हे कुणी ऐकलं नाही. सासूबाईंनी लाठीचं टोक डोळ्यांजवळ आणलं. हळद सात दिवसांत उडून गेली होती, ठिपके लख्ख दिसत होते. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या हिशेब करत होत्या, मला दिसत होतं. चतुर्थीचे मोदक, ऋषीपंचमीची भाजी, गौरींची भाजीभाकरी, रोजचा नैवेद्य. जे जे म्हणून देवापुढे गेलं, ते या लाठीने काढलेल्या वस्त्रात रांधलेलं.  खोटं नाही सांगत, मला त्या क्षणी देवाची भीती वाटली नाही. बंबाची वाटली.

आतून कुणीतरी ओरडलं, तवा तापलाय.

‘हवालदार,’ सासूबाई म्हणाल्या, ‘प्रसाद घेतल्याशिवाय जाऊ नका.’ मग ती धाबळी त्यांनी खांद्यावर घेतली, लाठी खुंटीला उभी केली आणि आत गेल्या. आणि तीच धाबळी नेसून घावन घालायला बसल्या.

त्या दिवशी घावन जाळीदार पडले होते, सगळे सांगत होते. मला एकाचीही चव लागली नाही. मी वाढत होते आणि मागच्या दारी बंबाचा धूर दिसला की माझा जीव वरखाली होत होता. पाहुणे वामकुक्षीला आडवे झाल्यावर सासूबाईंनी मला देवघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

‘काठी किती दिवस आहे ती?’

‘हरितालिकेपासून.’

‘त्याने धरलेली? आणि त्या सगळ्या मुलींनी?’

‘हो.’

 मग काय करायचं ते त्यांनी मला नाही सांगितलं, स्वतःलाच सांगितल्यासारख्या बोलल्या. हे बोलून दाखवावं तर बत्तीस माणसांना प्रायश्चित्त. मुंबईची सूनबाई चार दिवसांत गिरगावभर करील. सात दिवसांचा गणपती बाटला म्हणायचा, आणि तो कुणाच्या घरी, तर आपल्या. आणि घावन तर, त्या म्हणाल्या, कळल्यावर घातले. तवा तापला होता. मी मान खाली घालून उभी होते. शेवटी त्यांनी कोनाड्यातून पंचगव्याची वाटी काढली. मला एक पळी दिली, स्वतः दोन घेतल्या. शेण, गोमूत्र आणि काय काय. तोंड वाकडं करायची सोय नव्हती.

‘कुणी आजारी पडलेलं नाही,’ त्या म्हणाल्या. ‘दसरा होऊ दे. मग बघते त्या काठीकडे.’

म्हणजे बंब टळला नव्हता, पुढे गेला होता. गौरी-गणपती बोळवले, पाहुणे बोटीने गेले. वर्गात हवालदारांनी माझे तळहात बघितले, अंगठ्याने दाबले आणि पहिल्या ओळीकडे बोट दाखवलं. खरं तर मी हवेत उडायला हवं होतं. पण घरी सासूबाई लाठीबद्दल अवाक्षर काढत नव्हत्या. सोवळं त्या मुकाट्याने जुन्या चिरलेल्या काठीने काढत, लाकडांतून शोधून आणून, आणि काढताना खांदा धरून कण्हत. मला वाईट वाटायचं.  पण बोलायला तोंड कुठे होतं?

दसऱ्याला आम्ही खेळलो. निम्मी रत्नागिरी बघायला आली होती, त्यातले बरेचसे नावं ठेवायला. माझा एक हात चुकला नाही. यांनी टाळ्या वाजवल्या आणि शेजारच्याला सांगितलं, की कल्पना माझी. सासूबाई आल्या नव्हत्या. सगळ्या हसत खिदळत घरी निघाल्या, मी मात्र लाठी दोन्ही हातांनी धरून सावकाश चालत होते. ही शेवटची, आता ही जाणार, असं मनात चाललं होतं, आणि रस्त्यात मला चक्क रडू आलं.

घरी आले तो बंब पेटलेला. सासूबाई मागच्या दारात उभ्या.

‘आण ती इकडे,’ म्हणाल्या.

मी दिली. त्या लाठी घेऊन बंबाकडे चालू लागल्या आणि मी डोळे मिटले. पाण्याचा आवाज आला, म्हणून उघडले. बंबाच्या पलीकडे, विहिरीच्या कट्ट्यावर, त्या लाठीवर कळशी ओतत होत्या. एकदा, दोनदा, तीनदा. मग ती पुसली नाही, काही नाही, तशीच निथळती घेऊन पडवीत गेल्या. खाली ओली धाबळी पिळून ठेवलेली होती.

‘चार वाजता घेऊन जात जा,’ माझ्याकडे न बघता म्हणाल्या. ‘सकाळी मला लागेल. ती दुसरी आखूड पडते.’

आणि त्यांनी धाबळी लाठीवर घेऊन वलणीला घातली. खांद्याला हात न लावता, न कण्हता, एका झोकात. मी बघत होते. डावा हात त्यांनी जरा खाली धरला होता.